अठराव्या वर्षानंतरचं शरीर

सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं मोठी होतात. नोकरीला लागतात, घरासाठी कर्ज काढतात, लग्न करतात किंवा करत नाहीत, त्यांचे केस पिकतात. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण सेरेब्रल पाल्सी किंवा सीपी, म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाली बिघडणं, असं म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे लहान मूलच येतं: आईच्या कडेवरचं, मान न धरणारं, उभं केलं की पायांची कात्री होणारं. ६ ऑक्टोबरला जागतिक सेरेब्रल पाल्सी दिन असतो. त्या दिवशीच्या पोस्टरांवरही बहुतेक मुलंच हसत असतात. ती पुढे कुठे जातात, हा प्रश्न पोस्टर बघणाऱ्याला पडत नाही.

मी ४१ वर्षांची आहे. मला स्पास्टिक डायप्लेजिया आहे, म्हणजे दोन्ही पाय ताठ आणि हात त्या मानाने बरे. सांगलीत एका पतसंस्थेत कॅशियर आहे. आणि गेली काही वर्षं मी पुन्हा फिजिओथेरपी घेते आहे, या खेपेला स्वतःच्या पगारातून आणि स्वतःच्या मर्जीने. मोठ्या माणसाच्या सीपीला फिजिओथेरपी कशासाठी लागते आणि ती मिळवताना काय काय होतं, ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

माझा जन्म सातव्या महिन्यातला. इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या मेंदूत मधोमध ज्या द्रवाच्या पोकळ्या असतात, त्यांच्या कडेचा भाग फार नाजूक असतो. रक्तपुरवठ्यात जरा चढउतार झाला तरी तिथे इजा होते. आणि पायांकडे जाणारे मज्जातंतू नेमके त्या पोकळ्यांना सगळ्यांत लगटून जातात. हातांचे जरा लांबून, चेहऱ्याचे त्याहून लांबून. म्हणून माझे पाय ताठ आणि हात नोटा मोजण्याइतके चांगले. हे मला कुणी नीट समजावून सांगितलं तेव्हा माझी पस्तिशी उलटली होती. तोवर घरात ‘जन्मल्यावर लगेच रडली नाही’ एवढंच कारण चालत आलेलं होतं, आणि पाहुण्यांपुढे ते निघालं की आई पदराशी चाळा करत गप्प बसायची.

आईने माझ्यासाठी जे केलं ते आधी सांगते. संध्याकाळी दिवेलागण झाली की माजघरात सतरंजी पडायची. तिळाचं तेल कोमट करून ती माझी पोटरी चोळायची, मग माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन एका हाताने गुडघा दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने टाच मुठीत पकडून पाऊल माझ्याकडे वाकवायची. सोडायची कधी, तर मी एक पाढा पूर्ण म्हटल्यावर. बाराचा पाढा उजव्या पायाला, तेराचा डाव्याला. तिसापर्यंतचे पाढे माझे असे पाठ झाले. नवव्या वर्षी मिरजेला टाचेच्या शिरेचं ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, कॅलिपर आले, आणि पुन्हा सतरंजी. ‘पंधरा वर्षांची होईतो नेटाने करा, मग जेवढं राहील तेवढं राहील,’ असं तिला सांगण्यात आलं होतं. तिने ते अक्षरशः पाळलं. माझं दहावीचं वर्ष आलं, क्लास लागले, सतरंजी गुंडाळून कपाटावर गेली. ‘आता बास’ असं कुणी ठरवून म्हटलं नाही. मी चालत होते, गुडघ्यात वाकून, पंजे घासत, पण कुणाचा हात न धरता चालत होते; म्हणजे काम झालं, असंच सगळ्यांनी धरलं.

हे ‘काम झालं’ एकट्या आमच्या घरातलं नव्हतं. या आजाराचा अख्खा अभ्यासच लहान मुलांभोवती उभा राहिला आहे. लंडनचे विल्यम जॉन लिटल यांनी १८४३ साली ताठ हातापायांच्या मुलांवर व्याख्यानं दिली, १८६१ साली अवघड बाळंतपणाशी त्याचा संबंध जोडला, आणि पुढे बराच काळ हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जाई. बाळंतपणाचं ते बोट तेव्हापासून जे रोखलं गेलं, ते माझ्या आईपर्यंत येऊन पोचलं. अवघड बाळंतपण हे कारण नसून पोटातच आधी काही बिघडल्याचं लक्षण असू शकेल, अशी शंका सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ मध्येच घेतली होती. मनोविश्लेषणाकडे वळण्याआधी ते मज्जासंस्थेचे डॉक्टर होते. पण तिकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. लिटल यांच्याबद्दलची मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. लहानपणीच्या पोलिओने त्यांचं स्वतःचं पाऊल वाकडं होतं, आणि ते सरळ करणारी शस्त्रक्रिया त्यांच्यावर १८३६ साली जर्मनीत हॅनोव्हरला झाली. तेव्हा ते पंचविशीत होते. मोठेपणी घेतलेल्या इलाजाने काय बदलतं हे ज्याने स्वतःच्या पायाने अनुभवलं, त्याच्या विषयातून मोठी माणसंच गळून गेली.

आपल्याकडेही सुरुवात मुलांपासूनच झाली. १९५०च्या दशकाच्या आरंभी मुंबईत पोलिओची साथ होती, त्या काळात केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. सीपीच्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली, त्याआधी या मुलांना शाळेत घेणारं जवळजवळ कुणी नव्हतं. या कामाचं ऋण माझ्यासारखीने किती मानावं! तरी पुढचं दार उघडायचं राहून गेलं. हालचालींच्या क्षमतेप्रमाणे सीपीच्या पाच पातळ्या ठरवणारी जी मोजपट्टी आज जगभर वापरतात, ती १९९७ साली कॅनडात तयार झाली. २००७ मध्ये ती वाढवली तेव्हाही १८व्या वर्षापर्यंतच आली. आपला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि त्यातली जिल्हा पातळीवरची केंद्रं, तीही १८ वर्षांपर्यंत. गंमत म्हणून नव्हे, मनापासून विचारते: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांमध्ये सेरेब्रल पाल्सीचं नाव घेतलेलं आहे. म्हणजे आम्ही रोज कामावर जावं अशी कायद्याची अपेक्षा आहे. त्या कामावर जाणारं शरीर धड ठेवायचं कुणी?

माझं शरीर बदलत चाललंय हे मला एसटीने दाखवून दिलं. एसटीची पहिली पायरी जमिनीपासून चांगलीच उंच असते. उजव्या हाताने दांडी पकडायची, डावा पाय आधी टाकायचा, दांडीवर सगळा भार घेऊन अंग वर ओढायचं, ही माझी कॉलेजपासूनची पद्धत. तेहतिशी-चौतिशीच्या सुमाराला डाव्या पायाचा अंगठा त्या पायरीच्या कडेला अडकायला लागला. आधी पावसाळ्यात, मग एरवीही. कंडक्टर बेल मारायचा थांबायचा, मागची माणसं ‘घ्या हो ताईंना वर’ म्हणायची, आणि वर गेल्यावर बसायला जागा मिळाली तरी पाय थरथरत राहायचे. ऑफिसात दुपारी चारनंतर उठणं नको वाटायला लागलं. पाणी कमी प्यायला लागले, कारण बाथरूम मागच्या बाजूला होतं. गुडघ्याच्या वाटीमागे सतत ठणका. रात्री पोटऱ्यांत गोळे. आणि थकवा असा की घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी पाच मिनिटं दारातच भिंतीला टेकून उभं राहावं लागे.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्सरे बघितला आणि म्हणाले, ‘हे तुमचं मूळचंच आहे. सीपी काही वाढत नसते.’

मेंदूतली इजा वाढत नाही हे खरंच आहे, व्याख्येतच ते आहे. पण इजा वाढत नाही म्हणून माणूस तसाच राहत नाही. मुलाची हाडं भराभर लांब होतात आणि ताठ स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत. वाढत्या अंगाला जुना झगा अपुरा पडावा तसा स्नायू हाडाला अपुरा पडतो. मग गुडघा पूर्ण सरळ होत नाही. वाकलेल्या गुडघ्यावर चालायचं तर मांडीच्या स्नायूंना दर पावलाला अंग सावरून धरावं लागतं, क्षणभरही विसावा नाही, आणि वाटीवर सतत दाब. तेवढंच अंतर चालायला आम्हाला इतरांपेक्षा पुष्कळ जास्त, कित्येकदा दुप्पट-तिप्पट शक्ती लागते. विशीत ती असते. पस्तिशीत सगळ्यांचीच थोडी कमी होते, फक्त बाकीच्यांकडे शिल्लक मोठी असते आणि आमच्याकडे नसते. सांध्यांची झीज इतरांना साठीत जाणवते ती आम्हाला चाळिशीच्या आत जाणवू लागते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, आधी चालू शकणाऱ्या प्रौढ सीपींपैकी किमान २५ टक्के लोकांचं चालणं पुढे कमी झाल्याचं दिसलं. ते वाचलं तेव्हा वाईट वाटायच्या आधी मला हायसं वाटलं. म्हणजे मी आळशी झाले नव्हते. हे घडतं, याला कारणं आहेत, आणि कारणं आहेत तर करण्यासारखंही काही असणार.

फिजिओ शोधणं सोपं गेलं नाही. लहान मुलांच्या एका सेंटरने फोनवरच ‘आम्ही अठरापर्यंतच घेतो’ सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी गुडघ्याला मशीन लावून शेक दिला, दहा सिटिंगचं पॅकेज. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, रिक्षातून उतरेपर्यंत ठणका परत यायचा. तिथे माझ्या बाजूच्या पलंगांवर पॅरालिसिसचे आजोबा आणि गुडघा बदललेल्या काकू असत. त्यांना काहीतरी परत मिळवायचं होतं, जे आधी होतं ते. माझ्याकडे परत मिळवण्याजोगं ‘आधीचं नॉर्मल’ कधी नव्हतंच. ज्यांनी लकवा बरा करण्याचं शिक्षण घेतलंय त्यांना माझ्यासारखीचं काय करावं हे कळेना, आणि त्यात त्यांचा दोष मी धरत नाही. त्यांना कॉलेजात सीपी शिकवली ती बालरोगाच्या भागात.

मग एक मॅडम भेटल्या. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, मला ताई म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला पलंगावर झोपवलंच नाही. खुर्चीत बसवलं आणि विचारलं, ‘ताई, दिवसभरात कुठली गोष्ट करताना सगळ्यांत जास्त जीव जातो?’

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. लहानपणी सगळा प्रश्न ‘चालेल का?’ हा होता, आणि तो आईला विचारला जायचा. मी एसटीची पायरी सांगितली, ऑफिसातली कमी उंचीची खुर्ची सांगितली, बाथरूमचं सांगताना जरा अडखळले. त्यांनी वहीत तिन्ही लिहून घेतलं. मग मला उठायला-बसायला लावलं, चालायला लावलं, वळायला लावलं, आणि शेवटी पलंगावर. माझा पाय आधी अगदी सावकाश सरळ करत नेला, जिथे थांबला तिथला कोन मोजला. मग तोच पाय झटकन नेला. या वेळी तो बराच अलीकडे, एकदम खटका बसल्यासारखा अडकला. ‘झटकन नेल्यावर अडकतो तो तुमच्या मेंदूकडून आलेला ताठपणा,’ त्या म्हणाल्या, ‘आणि सावकाश नेऊनही जिथून पुढे जात नाही, तिथे स्नायूच आखूड झालाय. दोन्हींना इलाज वेगळा.’ पहिल्यासाठी गोळ्या असतात, ताठ स्नायू सैल करणारी बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं असतात, ती डॉक्टरांनी ठरवायची. दुसऱ्याला स्प्लिंट, म्हणजे पाय ताणलेला धरून ठेवणारा साचा, पायाची रोजची ठेवण, क्वचित शस्त्रक्रिया. आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे कुणीच बघितलं नव्हतं: माझे स्नायू ताठ होते तितकेच ते अशक्तही होते.

या तिसऱ्या गोष्टीचा एक इतिहास आहे. कारेल आणि बर्टा बोबाथ या दांपत्याने दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये सीपीच्या उपचारांची जी पद्धत बसवली, ती जगभर गेली, भारतातही आली. तिच्या प्रभावाखाली कित्येक दशकं असं मानलं गेलं की ताठ स्नायूला वजन दिलं तर तो आणखी ताठेल, म्हणून ताकदीचे व्यायाम टाळायचे. १९९०च्या दशकापासून हे प्रत्यक्ष तपासलं गेलं आणि भीती खरी निघाली नाही: वजनाच्या व्यायामाने ताकद वाढते, ताठपणा वाढत नाही. म्हणजे माझं सगळं बालपण ओढण्या-ताणण्यात गेलं, आणि ज्या पायांवर उभं राहायचं त्यांना बळकट करायचं कुणाच्या मनात आलं नाही. हाताने दोन-तीन मिनिटं ताणलेला स्नायू थोड्या वेळाने मूळ लांबीवर येतो, एवढ्यावर फार भिस्त ठेवता येत नाही, हेही आता माहीत झालंय. त्या संध्याकाळी वाया गेल्या असं मात्र मी कधीही म्हणणार नाही. माझ्या पायांना प्रेमाने हात लावला जाऊ शकतो हे मला त्या सतरंजीवर कळलं, आणि त्या जोरावर मी पुढे कितीतरी अनोळखी हात निभावून नेले.

आता मी काय करते? खुर्चीतून हात न टेकता उठणं, हा मुख्य व्यायाम. सुरुवातीला खुर्चीवर दोन उशा, मग एक, मग नुसती खुर्ची. ते जमल्यावर पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची पिशवी. नियम असा की आठ-दहा वेळा उठल्यावर पुढची वेळ जमू नये इतकं ओझं हवं. पन्नास वेळा सहज करता येतं ते ताकद वाढवत नाही. कट्ट्याला धरून टाचा उचलणं. कुशीवर झोपून वरचा पाय मागे नेणं, तो फार अवघड जातो. एक दिवसाआड, मधला दिवस पूर्ण विश्रांतीचा. रात्री पायांत स्प्लिंट. आणि एसटीची पायरी: मॅडमनी लाकडी ठोकळे एकावर एक रचून तेवढी उंची केली, बाजूला दांडी लावली, आणि आम्ही तीच पायरी चढायचा सराव केला, थोडी-थोडी उंची वाढवत. ताकद वाढली म्हणून चालणं आपोआप सुधारतं असं होत नाही. अभ्यासही हेच सांगतात आणि मलाही तसंच आलं. माझी चाल आजही तशीच आहे, पंजे घासणारी. पण पायरीवर अंगठा अडकत नाही, चारनंतर मला उठता येतं, आणि मी दुपारी तांब्याभर पाणी पिते.

खर्चाचंही सांगायला हवं. एका सिटिंगला चारशे रुपये, वर रिक्षा. मला पगार आहे म्हणून हे जमतं. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या १९९९च्या कायद्यात सेरेब्रल पाल्सी येते, आणि त्याखालच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे, ठरावीक मर्यादेत. वयाची अट नाही. मला हे चाळिशीला टेकल्यावर कळलं. ज्यांच्या घरात सीपी असलेली मोठी व्यक्ती आहे त्यांनी आज, शक्य तर आत्ताच, याची चौकशी करावी.

सगळ्यांत अवघड प्रसंग व्यायामाचा नव्हताच. मॅडमनी एके दिवशी व्हीलचेअरचा विषय काढला. ‘लांबच्या अंतरासाठी, ताई. गणपती बघायला, लग्नाच्या हॉलमध्ये, स्टेशनवर. पाय वाचवायचे म्हणजे ते जिथे हवेत तिथे वापरता येतील.’ मला पटलं. घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबला. ‘एवढी वर्षं तुला चालवलं ते खुर्चीत बसवायला का गं?’ एवढंच बोलली आणि उठून आत गेली. दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही.

मी तिला क्लिनिकमध्ये घेऊन गेले. मॅडमनी तिला चहा दिला, माझी तीन वर्षांपूर्वीची आणि आताची उठण्या-बसण्याची नोंद दाखवली, आणि म्हणाल्या, ‘काकू, तुम्ही त्या वेळी टाच धरून ठेवली नसती तर आज मला काम करायला हे पाय मिळालेच नसते. पण हे पाय अजून तीस-चाळीस वर्षं पुरवायचे आहेत.’ आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, ‘खुर्ची घडी होते का? आमचा जिना अरुंद आहे.’

चालणं हीच सीपीतली एकमेव पुण्याई, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय, आणि त्यापायी किती माणसं घरात बसली आहेत! थकतात म्हणून लग्नाला जात नाहीत, खुर्ची घ्यायची लाज म्हणून यात्रेला जात नाहीत. फिजिओथेरपीने मला चालतं ठेवावं ही माझी इच्छा आहेच. पण त्याहून जास्त मला कामावर, बाजारात, माणसांत ठेवावं, ही आहे.

हे सगळं माझ्यासारख्या, स्वतःच्या पायांवर उभं राहणाऱ्यांचं झालं. जी माणसं कधी चालली नाहीत, ज्यांना कूस बदलायलाही दुसरा हात लागतो, त्यांची फिजिओथेरपी तर सगळ्यांत आधी सुटते, कारण ‘आता काय फरक पडणार’. फरक कुठे पडतो ते मी पाहिलंय. आमच्या ओळखीतल्या एक काकू सत्तरीला आल्यात, मुलगा तिशी ओलांडलेला. रोज सकाळी त्या त्याला काखेत हात घालून पलंगावरून खुर्चीत घ्यायच्या. त्यांचा खांदा गेला. मॅडम घरी गेल्या, पलंगाची उंची खुर्चीइतकी करून घेतली, गुळगुळीत पाटावरून त्याला सरकवत न्यायला शिकवलं, कमरेला पट्टा बांधला, आणि मुलाला सांगितलं, ‘तू फक्त पुढे वाक, नाक गुडघ्याच्या पुढे आण.’ इतक्या वर्षांत तो स्वतःही यात काही करू शकेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. खुर्चीत त्याच्या कमरेची ठेवण बदलली, एका बाजूला कललेली पाठ थोडी सरळ झाली, जेवताना लागणारा ठसका कमी झाला. ‘माझ्या माघारी याचं कोण?’ हा प्रश्न काकूंचा अजून आहेच. तो फिजिओथेरपीने सुटणारा नाही. पण त्यांचा खांदा वाचला.

आणि एक गोष्ट अगदी ठासून सांगते. मोठ्या सीपीच्या अंगात काहीही नवीन झालं तर ‘सीपीच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. हातातली ताकद नव्याने कमी होणं, मुंग्या येणं, लघवीवरचा ताबा जाणं, चालणं काही महिन्यांत झपाट्याने बिघडणं, हे सीपीचं नेहमीचं वागणं नाही. ज्यांची मान आणि हात सतत आपोआप हलत असतात, त्यांच्या मानेच्या मणक्यांची झीज लवकर होते आणि आतल्या मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. आमच्यातल्या एका गृहस्थांच्या हातून पेला निसटू लागला. वर्षभर सगळे म्हणत राहिले, मूळचंच आहे. शेवटी एमआरआय काढला तेव्हा मानेत तेच निघालं. ऑपरेशनने पुढचं नुकसान थांबलं, झालेलं सगळं भरून आलं नाही. नियमित फिजिओ बघणारा कुणी असता तर हाताच्या ताकदीची मागची नोंद असती, आणि फरक महिन्याभरात कळला असता. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रौढांच्या सेरेब्रल पाल्सीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं निघाली. गुंतागुंतीच्या गरजा असलेल्यांची जाणत्या तज्ज्ञाकडून वर्षातून एकदा तपासणी व्हावी, असं त्यांत सुचवलं आहे. वर्षातून एकदा! आपल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात महिन्यातली एक दुपार जरी मोठ्या सीपींसाठी ठेवली, प्रत्येकाची एक फाईल केली, तरी एवढं साधेल. त्याला नवीन इमारत लागत नाही.

मॅडमनी त्यांच्यापुरती सुरुवात केली आहे. शनिवारी दुपारी क्लिनिकमध्ये फक्त आम्ही मोठे असतो. परवा एक १९ वर्षांची मुलगी आईबरोबर आली, वॉकर घेऊन, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. मॅडमनी वही उघडली आणि विचारलं, ‘तुला काय करायचंय?’ आई लगेच म्हणाली, ‘हिला वॉकरशिवाय चालता यायला हवं.’ मॅडम मुलीकडेच बघत राहिल्या. मुलीने एकदा आईकडे पाहिलं, मग म्हणाली, ‘कॉलेजात मला टॉयलेटला एकटीला जाता यायला हवं. आई रोज दुपारी त्यासाठी येते.’ मॅडमनी ते लिहून घेतलं. आईला सांगितलं, तिथल्या कमोडची उंची, दाराची रुंदी आणि भिंत पक्की आहे की पार्टिशनची, हे टेपने मोजून आणि बघून सोमवारपर्यंत कळवा, दांडी बसवायला प्राचार्यांना पत्र मी देते. आणि तोवर मला म्हणाल्या, ‘ताई, तुमची ती उशांची खुर्ची हिला द्या, आणि कसं उठायचं ते तुम्हीच दाखवा.’